आपल्या गावात विमेन ऑफ कलरच्या लघुपटांचा महोत्सव कसा भरवावा

अमेरिकेतल्या तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे साठ-सत्तर खुर्च्यांचं सभागृह आहे आणि छताला प्रोजेक्टर टांगलेला आहे, तर लघुपट महोत्सवाला एवढं भांडवल पुरतं. बाकी लागतात चार-पाच भरवशाची माणसं, आठ-नऊ महिन्यांची सवड आणि थोडे पैसे. मी लिहिते आहे ते कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई, अरब आणि मूलनिवासी बायकांनी दिग्दर्शित केलेल्या लघुपटांच्या महोत्सवाबद्दल. या सगळ्याजणींना इथे मिळून ‘विमेन ऑफ कलर’ म्हणतात आणि इथे राहणाऱ्या मराठी बायकाही त्यांतच मोडतात. तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून लांब राहू नका.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: तुमच्या महोत्सवात जुने लघुपट असणार की फक्त यंदाचे नवे? माझं मत ठाम आहे. जुने हवेतच. 1976 साली न्यूयॉर्कमध्ये ‘सोजर्नर ट्रुथ फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स’ भरला होता. कृष्णवर्णीय बायकांच्या चित्रपटांचा तो पहिला महोत्सव मानला जातो. चित्रकार फेथ रिंगगोल्ड, त्यांची मुलगी लेखिका मिशेल वॉलेस, दिग्दर्शिका मोनिका फ्रीमन, कवयित्री पट्रिशिया स्पिअर्स जोन्स आणि समीक्षक मार्गो जेफरसन यांनी तो उभा केला. त्यानंतर त्याची आठवण इतकी पुसट झाली, की 2023 मध्ये शिकागो विद्यापीठात त्याच नावाने महोत्सव भरला तेव्हा अनेकांना मूळ महोत्सवाची माहिती पहिल्यांदा मिळाली. आज पंचविशीतली एखादी मुलगी कॅमेरा हातात घेते तेव्हा तिला वाटतं, आपल्या आधी हे कुणी केलंच नाही. तिचा लघुपट 1970 सालच्या लघुपटाला लागून दाखवला की तिचा तो समज आपोआप दूर होतो. पुढचं सगळं मी हे गृहीत धरून सांगते आहे.

आधी स्वतः भरपूर बघा

निवड समिती, लोगो, पोस्टर यांच्या आधी दोन-तीन महिने नुसते लघुपट बघण्यात घालवा. तुमच्या वाचनालयाचं कार्ड ‘कॅनपी’ या सेवेला चालत असेल तर घरबसल्या बरंच काही फुकट बघता येतं. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीची यादीही चाळा. 1989 पासून दरवर्षी 25 चित्रपट जतनासाठी निवडले जातात आणि त्यांत लघुपटही असतात.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी पुढची नावं देते. मॅडलिन अँडरसन यांचा ‘आय ॲम समबडी’ (1970, 30 मिनिटं). 1969 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये रुग्णालयातल्या चारशेहून अधिक कामगारांनी संप केला, त्यात जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय बायका होत्या. संपाचं निमित्त होतं बाराजणांना कामावरून काढल्याचं. लघुपटाचं निवेदन संपातल्याच एका कामगार बाईच्या आवाजात आहे आणि त्यामुळे तो बाहेरून घेतलेल्या बातमीसारखा वाटत नाही. गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुंबईकराला हा लघुपट समजावून सांगावा लागत नाही. सिल्व्हिया मोरालेस यांचा ‘चिकाना’ (1979, 23 मिनिटं) मेक्सिकन वंशाच्या बायकांचा इतिहास पार प्राचीन काळापासून कामगार चळवळीपर्यंत आणून सोडतो. आयोका चेन्झिरा यांचा ‘हेअर पीस’ (1984, 10 मिनिटं) हा ॲनिमेशनपट काळ्या बायकांच्या केसांवर समाजाने केलेल्या अत्याचारांची मनसोक्त टर उडवतो: गरम फणी, मलमं, विग, सगळं. जुली डॅश यांच्या ‘इल्यूजन्स’ची (1982, 34 मिनिटं) गोष्ट 1942 च्या हॉलिवूडमध्ये घडते. गोरी समजली जाणारी एक कृष्णवर्णीय अधिकारी स्टुडिओत काम करते आहे आणि पडद्यावरच्या गोऱ्या नटीला आवाज देते आहे एक काळी गायिका. हे चारही लघुपट आता त्या नोंदवहीत आहेत.

अमेरिकेबाहेरही बघा. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी दिग्दर्शिका ट्रेसी मॉफट यांचा ‘नाइस कलर्ड गर्ल्स’ (1987, 16 मिनिटं) आणि ब्रिटनमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या प्रतिभा परमार यांचा ‘सारी रेड’ (1988, 12 मिनिटं) हे दोन तरी सोडू नका. ‘सारी रेड’ 1985 मध्ये इंग्लंडमध्ये वर्णद्वेषी हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका तरुण मुलीच्या स्मृतीत केलेला आहे. त्यातलं लाल साडीचं कापड बघताना आपल्या घरातल्या बायका गप्प होतात, इतकं ते ओळखीचं आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना पायल कपाडिया यांनी केलेला ‘आफ्टरनून क्लाउड्स’ 2017 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला होता. तोही यादीत घ्या.

बघताना वही ठेवा: नाव, वर्ष, मिनिटं, भाषा, वितरक कोण, आणि बघून झाल्यावर मनात राहिलेलं एक दृश्य. ही शेवटची नोंद पुढे क्रम लावताना सर्वांत जास्त उपयोगी पडते.

जागा आणि तारीख

जागेबद्दल कमीपणा वाटून घेऊ नका. दिग्दर्शिका जेसी मेपल यांनी 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आपल्या राहत्या घराच्या तळघरात ‘20 वेस्ट’ नावाचं छोटं चित्रपटगृह सुरू केलं, कारण आपल्या लोकांचे चित्रपट दाखवायला जागाच नव्हती. वाचनालयाचं सभागृह त्या मानाने ऐसपैस म्हणायचं.

मार्च हा ‘विमेन्स हिस्टरी मंथ’. त्या महिन्यात सगळीकडे असेच कार्यक्रम असतात आणि दिग्दर्शिका आधीच बांधल्या गेलेल्या असतात. मी ऑक्टोबर किंवा एप्रिल सुचवेन. ऑक्टोबर धरलात आणि मंडळातल्या मैत्रिणी मदतीला असतील तर नवरात्र आणि दिवाळीच्या तारखा आधी तपासा, नाहीतर ऐन दिवशी कार्यकर्ते भोंडल्याला गेलेले असतील. पहिल्या वर्षी एकच दिवस ठेवा, दुपारी एक खेळ आणि संध्याकाळी एक.

महाराष्ट्र मंडळात काम केलेलं असेल तर निम्मी कामं तुम्हाला येतातच: हॉलचं आरक्षण, विम्याचा कागद, खुर्च्या, चहा, लहान मुलांसाठी बाजूची खोली. पण समिती मात्र मंडळाची नसावी. कृष्णवर्णीय आणि लॅटिना बायका पहिल्या बैठकीपासून बरोबरीने असाव्यात आणि त्यांना निर्णयाचा अधिकार असावा. सगळं ठरवून झाल्यावर ‘सल्लागार’ म्हणून त्यांचं नाव छापणं हे मला अपमानास्पद वाटतं.

पैसे

सर्वांत पहिला खर्च लिहा तो दिग्दर्शिकांच्या मानधनाचा. मग हक्कांचं शुल्क, मग प्रवास, मग सबटायटल्स, आणि सगळ्यात शेवटी पोस्टर आणि खाणं. बहुतेक समित्या हे उलटं करतात. हॉलला, खाण्याला, छपाईला पैसे निघतात आणि जिच्या कामासाठी लोक आले तिला ‘प्रसिद्धी मिळेल’ एवढंच सांगितलं जातं. रक्कम पंचवीस डॉलर असो की शंभर, निवडलेल्या प्रत्येकीला सारखी द्या आणि आवाहनातच ती लिहा.

पैसे उभे करायला राज्याची कला परिषद आणि मानव्य परिषद, ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ हा वाचनालयाचा मित्रगट, जवळच्या महाविद्यालयातला स्त्री-अभ्यास विभाग ही दारं ठोठवा. तुमची नोंदणीकृत संस्था नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अनुदान घेता येतं. ती संस्था त्यातला काही टक्के भाग घेते. तो किती हे आधी लेखी ठरवा.

दाखवण्याचे हक्क

इथे घाई करू नका, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कॅनपीवर घरी बघता येणारा लघुपट सभागृहात लावता येत नाही. विकत घेतलेली डीव्हीडीही लावता येत नाही. कार्यक्रम फुकट आहे म्हणून सूट मिळत नाही. वर्गात शिकवण्यासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती नोंदलेल्या विद्यार्थ्यांपुरती. अनेक वाचनालयांकडे चित्रपट दाखवण्याचा वार्षिक परवाना असतो आणि ग्रंथपाल भाबडेपणाने म्हणतात, ‘आमच्याकडे आहे लायसन्स.’ तो परवाना बहुतेकदा मोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांचा असतो. तुमचे लघुपट त्यात नसतात. यादी मागून घ्या आणि स्वतः बघा.

प्रत्येक लघुपटासाठी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा मागावा लागतो. जुन्या लघुपटांसाठी तो वितरकाकडे असतो. न्यूयॉर्कमधल्या दोन संस्था तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटतील. ‘विमेन मेक मूव्हीज’ 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बायकांचे चित्रपट वितरित करते आहे. ‘थर्ड वर्ल्ड न्यूजरील’चं मूळ 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूजरील’ या गटात आहे. कमिल बिलॉप्स यांचा ‘सुझॅन, सुझॅन’ (1982) या दुसऱ्या संस्थेकडे मिळतो.

पत्र मोघम लिहू नका. लघुपटाचं नाव आणि वर्ष, तारीख, सभागृहातल्या खुर्च्या, प्रवेश फुकट की तिकीट, किती खेळ, ऑनलाइन दाखवणार की नाही, फाइल कोणत्या स्वरूपात हवी आणि तुमच्याकडे रक्कम किती आहे, हे सगळं पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. छोट्या वाचनालयाला सवलतीचा दर आहे का, हे निःसंकोच विचारा. हे पत्र कार्यक्रमाच्या चार महिने आधी जायला हवं. काही जुन्या लघुपटांचे हक्क खुद्द दिग्दर्शिकेकडे किंवा तिच्या वारसांकडे असतात. तिथे उत्तर यायला वेळ लागतो आणि तो देण्यात काही चूक नाही.

नव्या लघुपटांसाठी एक पानाचा करार पुरे: एकच प्रदर्शन, अमुक तारीख, अमुक मानधन, फाइल नंतर पुसली जाईल, आणि संगीताचे हक्क दिग्दर्शिकेने घेतलेले आहेत. या शेवटच्या मुद्द्यावर तरुण मुली अडखळतात, कारण पार्श्वभूमीला एखादं आवडतं गाणं टाकलेलं असतं. निवडीनंतर हे कळलं तर दोघींचाही हिरमोड होतो, म्हणून आवाहनातच ठळक लिहा.

प्रवेशिका आणि निवड

प्रवेशिका मागवायला ‘फिल्मफ्रीवे’ हे संकेतस्थळ सोयीचं आहे. प्रवेश शुल्क शून्य ठेवा. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात. पण तुम्ही नव्या प्रवेशिकांना 20 मिनिटांची मर्यादा घाला. आमच्याकडेच पहिलं प्रदर्शन हवं अशी अट घालू नका. गावातल्या महोत्सवाला तो हट्ट शोभत नाही.

ओळखीचा प्रश्न नाजूक आहे. दिग्दर्शिकेने स्वतःला जे म्हटलं ते मान्य करा, पुरावे मागू नका. सहदिग्दर्शक पुरुष असेल तर चालेल का, हे मात्र आधी ठरवून लिहा, म्हणजे निवडीच्या वेळी वाद होत नाहीत.

प्रत्येक लघुपट तिघींनी, संपूर्ण, वेगवेगळा बघावा. मग बैठक. गुणांची सरासरी काढून वरचे दहा उचलू नका. सरासरीत नेहमी कुणालाच न खटकणारे लघुपट वर येतात. प्रत्येक सदस्याला एक लघुपट ‘राखून ठेवण्याचा’ अधिकार द्या, बाकीच्यांना तो आवडला नसला तरी. माझ्या पाहण्यात महोत्सवात सर्वांत जास्त बोललं गेलेलं काम अशाच एकीच्या हट्टाने आत आलेलं असतं.

आणि आपल्यासाठी एक सांगायलाच हवं. दक्षिण आशियाई म्हणून येणारे लघुपट बघताना ते कुणाच्या घरातले आहेत हे विचारा. अमेरिकेत आपण सगळ्या सावळ्या म्हणून एका रांगेत उभ्या असलो, तरी आपल्या आपल्यात जात आहेच. दलित, आदिवासी, मुस्लिम बायकांचे लघुपट आपोआप चालून येत नाहीत, कारण आवाहन आपल्याच व्हॉट्सॲप गटांत फिरतं. आंबेडकरी संघटनांना, तिथल्या बायकांना थेट लिहा. पाच पत्रं लिहायला एक संध्याकाळ लागते.

क्रम लावणं

एक खेळ 75 ते 85 मिनिटांचा असावा. त्याहून लांबला की शेवटच्या लघुपटाला न्याय मिळत नाही. उदाहरणादाखल एक खेळ मांडून दाखवते.

पहिला ‘हेअर पीस’, 10 मिनिटं. लोक अजून स्थिरस्थावर होत असतात, कुणी उशिरा येतं. या लघुपटावर सभागृह मोकळेपणी हसतं आणि अनोळखी माणसं एकत्र हसली की पुढचं जड बघायला तयार होतात. दुसरा, स्थानिक तरुण दिग्दर्शिकेचा नवा लघुपट, 12 मिनिटांच्या आसपास. तिसरा ‘आय ॲम समबडी’, 30 मिनिटं. हा मध्यावर हवा, कारण त्याला भरलेलं, जागं सभागृह लागतं. तो संपल्यावर वीस सेकंद काळा पडदा ठेवा, लोकांना श्वास घेऊ द्या. मग ‘सारी रेड’, 12 मिनिटं. संपाचा गजर ऐकलेल्या कानांना या लघुपटाचा काव्यमय आवाज अगदी वेगळा लागतो आणि राग दोन्हीत तोच आहे हे कुणी न सांगता कळतं. शेवटी पुन्हा एक नवा लघुपट, 15 मिनिटांचा. एकूण 79 मिनिटं.

शेवट जुन्या लघुपटाने केला तर प्रेक्षक ‘तेव्हा असं होतं’ म्हणत उठतात. नव्याने केला तर चर्चेला समोर एक जिवंत दिग्दर्शिका बसलेली असते. एकापाठोपाठ दोन मृत्यूंचे लघुपट लावू नका. आणि सगळे कृष्णवर्णीय एका खेळात, सगळे आशियाई दुसऱ्या खेळात अशी वाटणी तर कधीच नको. मग प्रत्येक समाज आपापला खेळ बघून घरी जातो.

कागदावर क्रम लागला की समितीने एकदा तो सलग, त्याच क्रमाने, अंधारात बसून बघावा. कागदावर चांगले दिसणारे शेजार पडद्यावर भांडतात, हे फक्त असं बघूनच कळतं.

फाइल, आवाज, सबटायटल्स

मोठ्या चित्रपटगृहाला डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांच्या यंत्रांसाठीचा खास डिजिटल फाइलसंच, लागतं, वाचनालयाला 1920 बाय 1080 ची चांगली एमपी4 फाइल पुरते. फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, इंटरनेटवरून चालवू नका. तीच फाइल दुसऱ्या लॅपटॉपवरही ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केलेले जुने लघुपट जवळजवळ चौकोनी असतात, चारास तीन. आजचा प्रोजेक्टर सोळास नऊचा. त्याचं सेटिंग ‘फिल’ किंवा ‘स्ट्रेच’वर असेल तर चित्र दोन्ही बाजूंना ताणलं जातं आणि चार्ल्स्टनच्या संपातल्या बायकांचे चेहरे चपटे, रुंद दिसतात. कुणी तक्रार करत नाही, प्रेक्षकांना वाटतं जुना लघुपट असाच असतो. रिमोटवर ‘आस्पेक्ट’चं बटण शोधा, ‘नॉर्मल’ किंवा ‘ऑटो’ करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले म्हणजे चित्र बरोबर आहे. तपासायला चेहऱ्याऐवजी एखादं गोल घड्याळ किंवा गाडीचं चाक असलेलं दृश्य थांबवून बघा.

आवाजाचंही तसंच. जुन्या लघुपटाचा आवाज मोनो असतो आणि कधी कधी एकाच स्पीकरमधून येतो. नव्या लघुपटांचा आवाज दणदणीत असतो. आदल्या दिवशी सभागृहात प्रत्येक लघुपटाची दोन-दोन मिनिटं चालवा, शेवटच्या रांगेत एकीला बसवा आणि प्रत्येकाचा आवाजाचा आकडा कागदावर लिहा. तो कागद लॅपटॉपला चिकटवा. रिकाम्या सभागृहात जो आवाज बरोबर वाटतो तो भरलेल्या सभागृहात थोडा कमी पडतो, तेव्हा किंचित वाढवा.

इंग्रजी लघुपटांनाही इंग्रजी सबटायटल्स हवीत. ऐकू न येणाऱ्यांसाठी तर हवीतच, शिवाय भारतातून आलेल्या आजींना कॅरिबियन उच्चार कळत नाहीत. नव्या दिग्दर्शिकांकडून एसआरटी फाइल (सबटायटल्सची वेगळी मजकूर-फाइल) मागा, ज्यात संवादाबरोबर ‘दार वाजतं’, ‘दूरवर सायरन’ अशा आवाजांच्या नोंदी असतील. वितरकाच्या फाइलमध्ये स्वतःहून काही घालू नका, त्यांना विचारा.

चर्चा

वीस मिनिटं, जास्तीत जास्त पंचवीस. सूत्रसंचालिकेने सगळे लघुपट आधी बघितलेले असावेत. ‘एक स्त्री म्हणून तुम्हाला किती अडचणी आल्या?’ हा प्रश्न विचारायचा नाही असं तिला स्पष्ट सांगा. तिने कामाबद्दल विचारावं: तो शॉट तेवढा लांब का ठेवलात, आईचा आवाज ऐकू येतो पण आई दिसत का नाही, संकलनात काय कापलंत. असं विचारलं की दिग्दर्शिका खुलते आणि अडचणींचं ती आपणहून, तिला हवं तेवढं सांगते. पुण्याहून किंवा लागोसहून कुणी झूमवर येणार असेल तर तिच्या घड्याळात तेव्हा किती वाजलेत ते बघा. संध्याकाळचा खेळ म्हणजे बहुधा तिची मध्यरात्र किंवा पहाट. तिचा लघुपट दुपारच्या खेळात घ्या.

प्रसिद्धीवर फार शक्ती घालवू नका. केसांची सलून, चर्च, मशिदी, देवळांचे सूचनाफलक, कम्युनिटी कॉलेज आणि स्थानिक रेडिओ यांतून येणारा माणूस समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून येणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

कार्यक्रम संपल्यावरचं काम

मानधनाचे धनादेश त्याच दिवशी द्या. आठवड्याभरात प्रत्येक दिग्दर्शिकेला पत्र पाठवा: किती लोक होते, तिच्या लघुपटावर काय विचारलं गेलं, दोन फोटो. पुढच्या अनुदानासाठी तिला हे पत्र जोडता येतं. कराराप्रमाणे फाइली पुसा आणि पुसल्याचं कळवा.

मग कार्यक्रमपत्रिका. त्यात प्रत्येक लघुपटाचं नाव, दिग्दर्शिका, वर्ष, मिनिटं, देश, भाषा, आणि निवड समितीतल्या सगळ्यांची नावं, तारीख आणि जागा, हे छापलेलंच हवं. संकेतस्थळाचं शुल्क भरायचं राहिलं की ते नाहीसं होतं, छापील कागद टिकतो. पाच प्रती वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागात रीतसर दाखल करा आणि ग्रंथपालांकडून नोंद क्रमांक घ्या. चर्चेचं ध्वनिमुद्रण केलं असेल तर वक्त्यांची लेखी परवानगी घेऊन तेही द्या. मूळ निवडीच्या टिपणवह्या, न निवडलेल्या लघुपटांच्या नोंदींसकट, एका खोक्यात समितीतल्या ज्या बाईचं घर बदलण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे तिच्याकडे ठेवा. पुढच्या वर्षीची समिती पहिल्या बैठकीला ते खोकं उघडेल आणि वितरकांना पत्रं जानेवारीतच जातील.